एंट्रीच्या आधी काय घडलं?

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. घाई असेल तर रात्री निवांत वाचा.

परवा आमच्या आळीतल्या अकरावीतल्या एका पोराचं स्टेटस बघितलं. काळा घोडा, त्यावर टोपी घातलेला माणूस, मागं धुरानं काळवंडलेलं जुनं शहर. खाली मराठीत दोन ओळी, भाईगिरीच्या. तो माणूस म्हणजे 'पीकी ब्लाइंडर्स' या इंग्रजी मालिकेतला टॉमी शेल्बी. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममधल्या टोळीची गोष्ट. २०१३ साली ती सुरू झाली आणि पहिल्याच भागात हा गडी असा घोड्यावरून गल्लीत येतो.

पोराला विचारलं, "बघितली का रे पूर्ण?"

"पूर्ण कोण बघतं काका? एंट्री बघितली."

मग सहज विचारलं, "आणि आपला 'मुळशी पॅटर्न'?"

"त्याच्या पण रील बघितल्यात सगळ्या. लय भारी."

सिनेमा नाही, रील. पोरगं वाईट नाही. अभ्यासात बरं आहे, आईला भाताच्या लावणीला मदत करतं. पण त्याचं ते 'एंट्री बघितली' डोक्यातनं जाईना. वीस-बावीस वर्षं याच तालुक्यात बातम्या लिहितोय. मीही आयुष्यभर एंट्रीच लिहीत आलो की काय, असं वाटायला लागलं. म्हणून ही पोस्ट.

'मुळशी पॅटर्न' २३ नोव्हेंबर २०१८ ला लागला. दिग्दर्शक प्रवीण तरडे, आपल्याच मातीतला माणूस. ओम भूतकर राहुल्या झाला होता, मोहन जोशी त्याचा बाप, उपेंद्र लिमये पोलीस, आणि स्वतः तरडे नन्याभाई. आम्ही पाच-सहा जण कोथरूडला बघायला गेलो होतो. तिकिटं मिळता मिळेनात. अर्धं थिएटर आपल्याच भागातलं, पौड, पिरंगुट, भूगावकडचं. इंटरव्हलला तर लग्नाच्या मांडवात भेटावं तशी माणसं भेटत होती.

लोकांना तो का आवडला, याची मी तेव्हा एका पुरवणीत चारशे शब्दांत चिकित्सा केली होती. दमदार संवाद, वेगवान कथानक, जबरदस्त अभिनय वगैरे. आज वाचली तर लाज वाटते. कारण खरं कारण थिएटरात माझ्या शेजारीच बसलं होतं आणि मी ते लिहिलं नाही.

माझ्या शेजारी साठीतले एक गृहस्थ होते. पांढरा लेंगा, टोपी. मोहन जोशींचा सखा, ज्यानं जमीन विकली आणि मग त्याच जमिनीवर वॉचमन म्हणून उभं राहायची वेळ आली, त्याची फरफट चालू होती तेव्हा या गृहस्थांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शिट्टी नाही, हुंकार नाही. पुढं राहुल्या मोठा होतो, कॉलर वर करून चालायला लागतो, गाणं सुरू होतं, तेव्हा पुढच्या रांगांतली पोरं खुर्चीवर उभी राहून नाचायला लागली. हे गृहस्थ तसेच बसून. टोपी मांडीवरच.

एकाच थिएटरात दोन सिनेमे चालले होते. म्हाताऱ्यांचा सिनेमा जमीन गेली तिथं सुरू झाला होता. पोरांचा सुरू झाला एंट्रीला.

आता थोडं लंडनला जाऊन येऊ. उगाच नाही, संबंध आहे.

पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा आम्हाला एक सर होते. सिनेमाचे भलतेच नादी. बातमीचा इंट्रो शिकवताना ते सिनेमाची उदाहरणं द्यायचे. म्हणायचे, पहिल्या पाच मिनिटांत दिग्दर्शक ठरवतो की तुम्ही कुणाच्या बाजूनं बसणार. त्यांनीच आम्हाला एक ब्रिटिश सिनेमा दाखवला, 'द लाँग गुड फ्रायडे'. १९८० चा. दिग्दर्शक जॉन मॅकेन्झी. हॅरॉल्ड शँड नावाचा लंडनचा डॉन, काम केलंय बॉब हॉस्किन्सनं. बुटका, जाडसर, टकलाकडं झुकलेला माणूस, पण पडद्यावर आला की दुसरीकडं नजर जात नाही.

त्या सिनेमाची सुरुवात अशी आहे की पहिल्यांदा बघताना आम्हाला घंटा काही कळलं नव्हतं. नोटांनी भरलेली एक बॅग. ती कुठंतरी पोहोचवली जाते. वाटेत कुणीतरी त्यातल्या नोटा काढून घेतो. माणसं पळवली जातात. संवाद जवळजवळ नाहीतच. कोण कुणाचा, पैसे कसले, मारतंय कोण, काही सांगत नाहीत. हे सगळं होऊन गेल्यावर हॅरॉल्ड शँड कॉन्कॉर्ड विमानातून उतरतो आणि विमानतळावरनं ऐटीत चालत येतो. फ्रान्सिस माँकमनचं संगीत सुरू होतं, आणि आपण बघणारे लगेच सावरून बसतो. आला हिरो! आधीचं सगळं विसरून जातो.

पुढं हॅरॉल्डची माणसं मरतात, बॉम्ब फुटतात, आणि हा वाघासारखा फिरत राहतो की माझ्यावर उठलंय कोण. शोधता शोधता कळतं की मूळ सगळं त्या पहिल्या पाच मिनिटांत होतं. त्याच्या पाठीमागं त्याच्याच माणसांनी केलेला पैशाचा व्यवहार, आणि त्यात मारलेला हात. त्याला पत्ता नव्हता. आपल्याला दाखवलं होतं, पण आपण एंट्रीच्या नादात सोडून दिलं. सरांनी तेव्हा फळ्यावर एकच ओळ लिहिली होती: हिशेब आधी, हिरो नंतर.

आणि हॅरॉल्ड नेमकं काय करत असतो माहितीये? जमिनीचा धंदा. लंडनची जुनी गोदी बंद पडत चालली होती. थेम्सच्या काठची ती सगळी जागा विकसित करायची, अमेरिकेतल्या माफियाचा पैसा आणायचा, ऑलिंपिकची स्वप्नं दाखवायची. नदीत बोट उभी करून तो पाहुण्यांपुढं विकासावर भाषण देतो, मागं टॉवर ब्रिज. त्याच्या खिशात नगरसेवक आहे, पोलीस अधिकारी आहे. सिनेमा आला आणि १९८१ मध्ये त्याच गोदीच्या भागासाठी इंग्लंडच्या सरकारनं खरोखरचं विकास महामंडळ काढलं. आज तिथं कॅनरी व्हार्फच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत.

म्हणजे बघा. तिकडं गोदी बंद पडली, इकडं भातखाचरं विकली गेली. जिथं जमिनीचा भाव एकदम उडतो, तिथं कागद करणारे येतात, आणि कागदानं न होणारी कामं करणारेही त्यांच्या मागोमाग येतात. यात मुळशीच्या पाण्याचा काही दोष नाही.

हे सांगायचं कारण, पुण्यात आपली ओळख काय झालीये ते सगळ्यांना माहिती आहे. 'मुळशीचे का? बापरे, जपून राहायला पाहिजे,' असं हसत हसत म्हणतात. आपण पण हसतो, वर थोडी छाती काढतो. लातूर पॅटर्न म्हटलं की लोकांना गुणवत्ता यादी आठवते. मुळशी पॅटर्न म्हटलं की कोयता. महाराष्ट्रात कुठंही टोळक्यानं कुणाला तोडलं की मथळ्यात आमच्या तालुक्याचं नाव. असले मथळे मीही दिलेत. जागा कमी असते, दोन शब्दांत काम होतं.

आता गुन्ह्याची बातमी कशी लिहितात ते सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल. सगळ्यात महत्त्वाचं वर, बाकीचं उतरत्या क्रमानं खाली. कोण, काय, कुठे, कधी, हे इंट्रोत. 'का' बहुतेक वेळा सगळ्यात खाली, एका ओळीत: 'पूर्ववैमनस्यातून हा प्रकार घडल्याचा अंदाज आहे.' आणि पान लावताना बातमी मोठी झाली की कापतात खालून. जाहिरात आली की कापतात खालून. म्हणजे पहिला बळी जातो तो 'का'चा. वीस वर्षांत मी किती 'का' असे गमावले, मोजले नाहीत.

रीलचं पण तेच. अडीच तासांच्या सिनेमातनं तीस सेकंद काढली की त्यात बापाचा सातबारा राहत नाही आणि पोराचा शेवटही राहत नाही. राहते ती मधली चाल, गाडी, गॉगल आणि गाणं. सिनेमावाल्यांनी आपल्या परीनं सुरुवात दाखवली होती, शेवटही दाखवला होता. मधल्या तीस सेकंदांवर जीव टाकणारे आपणच.

अर्थात सिनेमालाही मी पूर्ण सोडत नाही. भाईला स्लो मोशनमध्ये चालवायचं, मागं ढोल वाजवायचा, आणि शेवटी सांगायचं की याच्या वाटेला जाऊ नका, हे म्हणजे ताटात मटण वाढून उपास धरायला सांगण्यासारखं आहे. २०२१ मध्ये याच गोष्टीवर महेश मांजरेकरांनी हिंदीत 'अंतिम' काढला, सलमान खानला घेऊन. तिथं तर पोलिसाचं वजन आणखी वाढलं आणि नावातली मुळशी गेली. गोष्ट जितकी लांब जाते तितकी तिच्या तळव्याची माती झडत जाते.

तरी पोरांना हे का भावतं, त्याचा विचार करताना नुसतं 'संस्कार कमी पडले' म्हणून भागायचं नाही. मला चार कारणं दिसतात.

एक, ओळख. आपली बोली, आपली आडनावं, आपल्या गावाकडचे रस्ते पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या पडद्यावर दिसले. आधी मराठी सिनेमात शेतकरी म्हटलं की तो कुठला तरी लांबचा असायचा. हा आपला होता.

दोन, अपमान. ज्या बांधावर बाप उभा राहून आरोळी द्यायचा, तिथंच गेटवर तो रजिस्टर घेऊन बसलाय आणि आत जाणारा गाडीची काचसुद्धा खाली करत नाही. हे सिनेमातलं नाही, आपल्या तालुक्यातलं रोजचं दृश्य आहे. ते बघत वाढलेल्या पोराला कुणीतरी त्या गाडीची काच फोडलेली बघून बरं वाटतं. वाटू नये हे खरं, पण वाटतं.

तीन, वेग. इंद्रायणी लावली की चार-पाच महिने थांबा. पाऊस बघा, रोग बघा, भाव बघा. प्लॉटच्या मध्यस्थीत एका सहीला जे मिळतं ते खाचरात दहा वर्षांत मिळत नाही. आणि जागा 'खाली करून देणाऱ्या'ला सहीचीही गरज नसते. पोरगं दोन्ही बघतंय.

चार, आणि हे सगळ्यात कडू आहे, आपण मोठी माणसं. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. मधे ज्याच्यावर गुन्हे आहेत तो, वर पक्षाचे नेते, खाली शुभेच्छुक म्हणून वीस पोरांचे पासपोर्ट फोटो. त्या वीस पोरांच्या आयुष्यात फोटो छापून यायची ती पहिली वेळ असते. शाळेत बक्षीस मिळवलेल्या पोराचा फ्लेक्स आपण कधी लावतो? फेब्रुवारी २०२१ मध्ये तळोजा कारागृहातून सुटलेल्या एका गुंडाची मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवरनं शेकडो गाड्यांची मिरवणूक निघाली होती, वर ड्रोन फिरत होते. पुढं पोलिसांनी गुन्हे दाखल केले. पण चित्रण व्हायचं ते होऊन गेलं होतं, ते अजून फिरतंय. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांना तेच हवं असतं.

आणि जानेवारी २०२४ मध्ये कोथरूडला सुतारदऱ्यात भरदिवसा एका टोळीप्रमुखाचा खून झाला. मूळचा आपल्याच तालुक्यातला. आरोप लागला तो त्याच्यासोबत वावरणाऱ्या पोरांवर. त्या बातमीत 'जुना वाद' असे शब्द होते, आणि त्या जुन्या वादाच्या मागं जमिनीचे व्यवहार असल्याचंही आलं होतं. खालच्या परिच्छेदात.

आता माझ्यावर येतो.

२०१९ च्या पावसाळ्यात एका मारामारीत कोयते निघाले. एक पोरगं जखमी, चार ताब्यात. मी बातमी दिली. इंट्रो झकास जमला होता, सिनेमाचं नाव घालून. तिसऱ्या दिवशी ताब्यातल्या एकाचा बाप घरी आला. पोरगं अल्पवयीन, त्यामुळं नाव छापलेलं नव्हतंच. मला वाटलं, भांडायला आला असेल. मी खुर्ची दिली, म्हटलं, "नाना, मी नाव घातलेलं नाही."

"न्हाई, चुकीचं काय लिहिलं न्हाई तुम्ही," ते म्हणाले. मग पिशवीतनं प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले सातबारे काढले. जुने, हातानं लिहिलेले. "हे बघा पत्रकार. एक एकर चौदा गुंठे व्हतं. माझ्या सहीनं गेलं. त्याच सोसायटीच्या गेटवर मी हाय सात वर्सं. पोरगं मला डबा द्यायला येतं. येकदा त्याच्यासमोर येका बाईनं मला..." पुढं बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "ह्ये बी बातमीतच येतं का?"

मी म्हटलं, नाना, हे बातमीत बसत नाही.

खरंच बसत नव्हतं. गुन्हा पोरानं केला होता, ज्याला वार लागला तोही कुणाचा तरी पोरगाच होता, त्याच्या आईनं ससूनच्या दारात रात्र काढली होती. बापाचे सातबारे दाखवून कोयत्याला माफी मिळत नाही आणि मिळूही नये. तालुक्यात हजारो घरांच्या जमिनी गेल्या, सगळ्यांची पोरं कोयता घेऊन फिरत नाहीत. बहुतेक जण रिक्षा चालवतात, पिरंगुटच्या कंपन्यांत पाळ्या करतात, हिंजवडीला कॅब लावतात. त्यांचा सिनेमा कुणी काढत नाही. हे सगळं मान्य. पण माझं 'बसत नाही' हे उत्तर मात्र खोटं होतं. बसवायचं म्हटलं असतं तर बसलं असतं. पुढच्या आठवड्यात वेगळी बातमी करता आली असती. मी केली नाही. नाना सातबारे परत गुंडाळून गेले. चहा तसाच राहिला.

का केली नाही? कारण ती केली असती तर मला माझ्या घरापासून सुरुवात करावी लागली असती.

२००६ मध्ये आमची तीस गुंठे गेली. कुणी धमकावलं नाही, कुणी फसवलं नाही. एजंट घरी यायचा, वडिलांना दादा दादा करायचा, इसार देताना पेढे घेऊन आला. सहखातेदार म्हणून माझीही सही आहे. पैशातनं बहिणीचं लग्न झालं, घराचा वरचा मजला झाला, माझी मोटारसायकल आणि पहिला डिजिटल कॅमेरा आला. ज्या कॅमेऱ्यानं मी गुन्ह्यांचे फोटो काढत फिरलो, तो जमिनीच्या पैशातला. चुलत्यांनी त्याच पैशात जीप घेतली, गळ्यात साखळी घातली, दोन वर्षं गुंठामंत्री म्हणून मिरवले. जीप विकली, साखळी मोडली. आता ते कधी कधी त्या बाजूला फिरायला जातात आणि कंपाउंडच्या बाहेरनं आंब्याचं झाड बघून येतात. झाड मात्र ठेवलंय त्या लोकांनी.

मी बातमीत गुंठामंत्र्यांची टिंगल करायचो. आमच्या घरात एक होता हे लिहिलं नाही.

आणि हे आजचं नाही. आपल्या तालुक्याची जमिनीची बातमी शंभर वर्षांपूर्वीची आहे. मुळा नदीवर टाटांचं धरण होणार, भातखाचरं पाण्याखाली जाणार, म्हणून १९२१ च्या रामनवमीला इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढं होते, आणि 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्यानं दिली. धरणाविरुद्धचा जगातला पहिला लढा म्हणून अभ्यासक त्याचं नाव घेतात. तो लढा हरला. का हरला याची कारणं बरीच, पण एक ध्यानात ठेवण्यासारखं आहे. बऱ्याचशा जमिनी तेव्हा पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना मोबदला हवा होता. कसणाऱ्याला जमीन हवी होती. कागद ज्याच्या नावावर, त्याचं चाललं. आजही ते पाणी डोंगर ओलांडून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात जातं.

त्यानंतर हिंजवडी-माणला आयटी पार्क आला, मोसे खोऱ्यात लवासा आलं. प्रत्येक वेळी तालुक्याबाहेरच्या पेपरात बातमीचा इंट्रो होता 'विकास'. २०१८ मध्ये सिनेमा आला आणि इंट्रो झाला 'कोयता'. मधलं सगळं, सातबारा, फेरफार, इसारपावती, कुलमुखत्यारपत्र, बहिणींची हक्कसोडपत्रं, गेटवरचं रजिस्टर, हे कापलं गेलं. खालून.

'द लाँग गुड फ्रायडे'चा शेवट सांगून टाकतो, सिनेमा जुना आहे. हॅरॉल्डला वाटतं, सगळं निस्तरलं. हॉटेलातनं बाहेर येतो, आपल्या गाडीत बसतो, आणि गाडी सुरू झाल्यावर कळतं की चालवणारा आपला नाही. पुढच्या सीटवरनं एक पोरगा पिस्तूल रोखून बसलाय. कॅमेरा मग बराच वेळ फक्त हॅरॉल्डच्या तोंडावर थांबतो. तो काहीच बोलत नाही. राग येतो, जातो, हसू येतं, जातं. त्याला आत्ता सिनेमाची सुरुवात कळलेली असते. फार उशिरा.

आमच्या आळीतल्या पोराला एवढा वेळ नको लागायला, एवढंच मला वाटतं.

म्हणून काल त्याला घरी बोलावलं. म्हटलं, चल, 'मुळशी पॅटर्न' पहिल्यापासून शेवटपर्यंत बघू, पुढं ढकलायचं नाही. त्याचे वडीलही आले. ते एका फार्महाऊसवर माळीकाम करतात. मोहन जोशींचे प्रसंग चालू झाले तसं पोरानं दोन-तीनदा बापाकडं बघितलं. बाप पडद्याकडंच बघत होता. गाणं लागलं तेव्हा पोरगं पायानं ठेका धरत होतं, नाही असं नाही. संपल्यावर त्यानं विचारलं, "पप्पा, आपली जमीन कुठं होती?"

बाप म्हणाला, "दाखवीन की. उद्या गाडी घेऊन ये कामावर."

मला भाषण द्यायचं होतं, पण दिलं नाही.

मी माझ्यापुरतं ठरवलंय, ते इथं लिहून ठेवतो म्हणजे तुम्ही मला पकडू शकाल. यापुढं गुन्ह्याच्या बातमीत 'का' दुसऱ्या परिच्छेदात येईल. जमिनीचा व्यवहार मागं असेल आणि कागदावर दिसत असेल, तर तो बातमीत येईल. मथळ्यात तालुक्याचं नाव गुन्ह्याला चिकटवणार नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या ज्या जाहिराती मी स्वतः लिहून दिल्यात, 'युवकांचे प्रेरणास्थान' वगैरे, त्या यापुढं लिहिणार नाही. पैसे कमी मिळतील, माहितीये.

आणि नाना, तुम्ही हे वाचत नसाल, पण तुमचा पोरगा वाचत असेल. तो आता कुरिअरच्या कामाला जातो असं कळलं. त्याला सांगा, ते सातबारे जपून ठेव. सहा वर्षं उशीर झाला, पण मी येतो बघायला. चहा घेऊ.